मागचा डावा कोपरा

गाडी रिकामी तपासायची नसते, हे मिस्त्रींचं ठाम मत होतं, आणि त्या मतापायी त्यांनी आयुष्यभर लोकांना पिडलं होतं. गिऱ्हाईक गाडी टाकून निघून जायला बघायचं आणि मिस्त्री विचारायचे, "घरात माणसं किती? रोज कोण कुठे बसतं? रविवारी सगळ्यांना घेऊन या." मग रविवारी बिचारं सगळं कुटुंब नटूनथटून गॅरेजमध्ये यायचं, आपापल्या नेहमीच्या जागी गाडीत बसायचं, आणि मिस्त्री खाली खड्ड्यात उतरून चाकांच्या दांड्यांचे शेवटचे बोल्ट आवळायचे. लोक हसायचे. पण मिस्त्रींच्या हातची गाडी झटका खात नाही, असं तेच लोक चारचौघांत सांगायचे.

त्यामागे काही मंत्रतंत्र नव्हतं. चाक ज्या दांडीने गाडीला धरलेलं असतं, तिच्या टोकाला रबराचा जाड बुश असतो. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, की रबर तसंच जखडतं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीत जातो. भार असताना आवळलं, की रबर त्या भाराला आपलं मानतं. "गाडीला सांगावं लागतं, ही तुझी माणसं," असं मिस्त्री म्हणायचे. हे स्वतःचं वाक्य त्यांना फार आवडायचं.

त्या रविवारी सकाळी आलेली गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, जावयाची होती. सासरा गाड्यांच्या धंद्यात हाडं झिजवतोय आणि जावई त्याला न विचारता जुनी गाडी विकत घेतो, याचा राग मिस्त्रींच्या नाकावरच बसलेला होता.

"जावईबापू, चपला घेतानासुद्धा माणूस पायात घालून बघतो."

"गाडी दिसायला बरी होती, बाबा."

"दिसायला तर मीही बरा आहे. काय होतंय तिला?"

उत्तर लेकीने दिलं. ती मागच्या सीटवरून, चालकाच्या मागच्या बाजूने, कमरेला हात लावून सावकाश उतरत होती. आठवा महिना भरत आला होता. "अहो बाबा, बैलगाडी बरी. साधा खडा आला तरी मणक्यापर्यंत कळतो. मला तर आता गाडीत बसायचीच भीती वाटते."

ते ऐकल्यावर मिस्त्रींची थट्टा जागच्या जागी थांबली. लेकीचं पहिलं मूल वाचलं नव्हतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की आराम करायचा आणि झटके बिलकुल नकोत. पण दर आठवड्याला तपासायला जायचं तर पाऊण तासाचा रस्ता होता, आणि जायला हीच गाडी होती. आईवेगळी वाढवलेली पोर. मागच्या वेळी मिस्त्रींनीच तिला दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आणलं होतं. तो रस्ता त्यांना पुन्हा बघायचा नव्हता.

त्यांनी लेकीला पंख्याखाली खुर्चीत बसवलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी ते थांबले. टायर आणि वरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये त्यांनी बोटं घातली. उजवीकडे पाच बोटं आडवी मावत होती. डावीकडे दोनच.

"मागे डिकीत काय भरलंय?"

"काहीच नाही," जावई म्हणाला, आणि डिकी उघडून दाखवली. स्टेपनी आणि जॅक. बाकी काही नाही.

स्प्रिंग बसली असेल, असं म्हणून मिस्त्री कामाला लागले. त्यांनी तो कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगली गाडी एकदा खाली जाते, वर येते आणि गप्प उभी राहते. शॉकअप गेलेली गाडी दोन-चारदा डोलते. हा कोपरा खाली गेलाच नाही. मिस्त्रींनी अंगाचा सगळा जोर लावला, तरी तो हलायला तयार नव्हता. मग त्यांनी हात काढून घेतले, रुमाल शोधायला वळले, आणि पाठीमागे सीट कुरकुरली. कुणीतरी बसल्या जागी नीट सावरून बसावं, तेवढीच कुरकुर. मिस्त्रींनी काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी होती.

जुन्या गाडीत हजार आवाज असतात. मिस्त्रींनी दोन्ही स्प्रिंगा बाहेर काढल्या आणि डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे घातली. ही त्यांची जुनी युक्ती. स्प्रिंगच दमलेली असेल, तर आता उजवा कोपरा बसायला हवा होता. गाडी जॅकवरून खाली घेतली. चारही चाकं जमिनीला लागली, गाडी क्षणभर सरळ उभी राहिली, आणि मग मागचा डावा कोपरा हळूहळू, अगदी सवडीने, तीन बोटं खाली गेला.

त्यासोबत उघड्या खिडकीतून एक वास आला. बंद कपाटात कित्येक महिने घडी करून ठेवलेल्या ओलसर कपड्यांचा. मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. जावई फोनवर बोलत होता.

"गाडी कधीतरी ठोकलेली आहे," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "बॉडी वाकलीय. दुसरं काय असणार?" माणसाला भीती वाटू लागली, की त्याला कारण सापडायला वेळ लागत नाही.

खड्ड्यात उतरून हातदिवा वर धरला, आणि त्यांना खरं दुखणं सापडलं. बुश पिळवटून फाटायला आले होते. बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण होती, आणि त्या खुणेवरून स्पष्ट दिसत होतं, की आधीच्या मिस्त्रीने चाकं हवेत लोंबत असतानाच बोल्ट आवळले होते. तेसुद्धा चुकून नाही. चारच्या चार बोल्टांवर तशीच नीट खूण होती.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मिस्त्री खालून ओरडले, आणि त्यांना एकदम हायसं वाटलं. दुसऱ्याचं गाढवपण सापडण्यासारखं सुख या धंद्यात नाही.

नवे बुश बसवले. डाव्या स्प्रिंगखाली रबराचं जाड पॅकिंग घालून तो कोपरा उजव्याच्या बरोबरीला आणला. जेवणाची वेळ टळून गेली होती, लेक दमली होती, आणि आता उरलं होतं फक्त शेवटचं आवळणं.

"बसा रे आपापल्या जागी," त्यांनी हाक मारली.

वर दारं उघडली, लागली. जावई पुढे बसला, तसा त्याचा कोपरा किंचित खाली आला. लेक चालकाच्या मागे बसली, तिचाही कोपरा खाली आला. मिस्त्री खाली पाना धरून उभे होते. लेकीच्या वजनाने कोपरा किती बोटं उतरणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हातदिवा डावीकडे फिरवला. डाव्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांजवळ सरकलेली होती. त्या बाजूला एखादं अंगापिंडाने भरलेलं माणूस बसल्यावर सरकतील, तेवढी.

"पोरी… डावीकडे कोण बसलंय?"

"कोणी नाही, बाबा. माझी पर्ससुद्धा मांडीवर आहे."

"तू सरकलीस का तिकडे?"

"मी कशाला सरकू? आवरा ना लवकर… मला इथे थंडी वाजतेय."

बाहेर ऊन रणरणत होतं. मिस्त्रींचा हात पान्यावर थबकला. त्यांना वाटलं, सगळ्यांना खाली उतरवावं, गाडी ढकलून बाहेर काढावी आणि हात धुवावेत. पण चाळीस वर्षांची सवय मोठी वाईट असते. गाडी जशी भरलेली असते तशी आवळायची, एवढंच हाताला ठाऊक होतं. त्यांनी पाना लावला, श्वास रोखला आणि चारही बोल्ट आवळले. शेवटचा बोल्ट बसताना वरून, बरोबर त्यांच्या डोक्यावरून, एक लांब सुस्कारा ऐकू आला. प्रवासात मनासारखी जागा मिळाल्यावर माणूस टाकतो, तसा.

"काय गं, दमलीस?"

"मी काही बोलले नाही," लेक म्हणाली.

गाडी लोण्यासारखी चालू लागली. आठवडाभर लेकीचे फोन येत होते. "बाबा, खड्डे कळतच नाहीत. परवा तपासायला गेले, तर येताना मला झोपच लागली. ह्यांनी घरापाशी येऊन उठवलं."

"मग? सासऱ्याला आधी विचारलं असतं तर…" मिस्त्री मजेत म्हणाले.

"पण बाबा, एक गंमत सांगू? उठले तेव्हा माझं डोकं डावीकडे कललेलं होतं. मान बिलकुल अवघडली नव्हती. उशी घेतल्यासारखं वाटत होतं."

त्या दिवशी मिस्त्रींना जेवण गेलं नाही. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला आधीच्या गॅरेजचा एक विटका स्टिकर होता, त्यावरचा नंबर त्यांनी गंमत म्हणून उतरवून ठेवला होता. त्या मिस्त्रीची चांगली हजेरी घ्यायची असं ठरवलं होतं. आता त्यांनी तो नंबर लावला, तेव्हा मनात हजेरीबिजेरी काही नव्हतं.

पलीकडचा माणूस म्हातारा होता. त्याने गाडीचं वर्णन नीट ऐकून घेतलं.

"बुश बदलले म्हणता?" त्याने विचारलं.

"बदलले. तुम्ही हवेत आवळले होते."

"हो. मुद्दाम."

"मुद्दाम? अहो, गाडी नुसती आदळत होती. माझी लेक आठ महिन्यांची गरोदर…"

"गाडी आदळत होती, म्हणून मागे कुणी टिकत नव्हतं," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "चार कोस गेलं की उतरून जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा उतरायचं. आधीच्या मालकाला मीच सांगितलं होतं, गाडी मऊ करू नका… तुम्ही कशी आवळलीत?"

"भाराखाली."

"आवळताना गाडीत कोण कोण होतं?"

"लेक आणि जावई."

"आणि?"

तिकडून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

"कोण आहे ते?" मिस्त्रींनी कसंबसं विचारलं.

"मला काय ठाऊक! मीही तुमच्यासारखी बोटंच मोजतो. पण एक सांगतो… त्याला जागा करून दिलीत ना, आता तुम्हीच ती मोडा. लेक गाडीत बसायच्या आत."

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी स्कूटरवर टाकली आणि लेकीचं घर गाठलं. चार वाजले असतील. रस्त्यावर मुलं खेळत होती, कुणीतरी गॅलरीत कपडे वाळत घालत होतं. गाडी दाराशी उभी होती, आणि तिचा मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा तीन बोटं वर उचललेला होता. घातलेल्या पॅकिंगवर आता काहीच भार नव्हता. म्हणजे गाडी रिकामी होती. म्हणजे जे बसलेलं होतं, ते उतरलं होतं.

त्यांनी आधी घराकडे पाहिलं. खिडकीत लेक दिसली, हसून हात हलवत होती. तिच्या मागे खोलीत अंधार होता. मिस्त्रींना तिकडे धावत जावंसं वाटलं, पण म्हाताऱ्याचे शब्द कानात होते. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाकं हवेत लोंबू दिली, पॅकिंग उपसून फेकलं आणि चारही बोल्ट सैल करून तसेच हवेत आवळले. आयुष्यात पहिल्यांदा ते जाणूनबुजून वाईट काम करत होते, आणि एवढं मन लावून त्यांनी कधी कुठलं काम केलं नव्हतं. शेवटचा बोल्ट आवळून ते उठतात न उठतात, तोच जावई धावत बाहेर आला.

"बाबा, हिला कळा सुरू झाल्या!"

"आत्ता? अजून चार आठवडे…"

"आत्ता. पाणी गेलंय. गाडी काढतो."

दुसरं वाहन शोधायला वेळ नव्हता. मिस्त्रींनी गाडी जॅकवरून खाली घेतली. जावयाने लेकीला धरून आणलं, तिच्या नेहमीच्या जागी बसवलं, दार लावलं. मिस्त्री मागे उभे होते. डावं दार कुणी उघडलं नाही. पण तो कोपरा खाली गेला. एक बोट… दोन… तीन. तो तिथे थांबला नाही. चौथं गेलं, पाचवं बोटही गेलं आणि पत्रा टायरला टेकला.

"बसा ना, बाबा!"

ते पुढे जावयाशेजारी बसले. दुसरं काय करणार? लेक त्याच गाडीत होती.

बोल्ट हवेत आवळलेले होते, गाडीने रस्ताभर आदळायला हवं होतं. पण गाडी तरंगत निघाली. मागे एवढा भार होता, की पिळलेलं रबरसुद्धा त्याच्याखाली गप्प बसलं होतं. तो ओलसर कपड्यांचा वास आता इतका दाट होता, की मिस्त्रींनी काच खाली केली. लेक आधी विव्हळत होती. मग ती गप्प झाली.

त्यांनी मागे वळून पाहिलं. लेकीचे डोळे मिटलेले होते. तिचं डोकं डावीकडे कललं होतं, सीटच्या पाठीपासून वीतभर पुढे, काहीही आधार नसलेल्या जागी, आणि तिथे ते अगदी स्थिर टेकलेलं होतं. तिच्या पोटावरच्या साडीला चुण्या पडत होत्या. सावकाश, एका रेषेत, डावीकडून उजवीकडे. कुणीतरी हात फिरवत असावं तशा.

"पोरी! अगं ए पोरी!"

ती उठली नाही. ओठ पांढरे पडले होते.

पुढे पुलाच्या अलीकडे रस्ता खचलेला होता. तिथला हातभर खोल खड्डा सगळ्या गावाला माहीत होता, आणि जावयाने लांबूनच स्टिअरिंग वळवायला घेतलं. मिस्त्रींनी ते पकडलं.

"टाळू नको."

"बाबा, काय करताय? डॉक्टरांनी…"

"मला माहीत आहे डॉक्टरांनी काय सांगितलंय!" मिस्त्री ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या झटक्यापासून पोरीला वाचवायचं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, तोच झटका ते आता देवाकडे मागत होते. चूक ठरली तर मूल जाईल, कदाचित लेकही जाईल, आणि तिला त्यांनीच मारलेलं असेल. हे सगळं त्यांना कळत होतं. तरी त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. "सरळ घाल. जोरात."

गाडी खड्ड्यात गेली. असा दणका बसला, की मिस्त्रींचं डोकं छताला आपटलं आणि मागचा डावा कोपरा उसळून वर आला. सीटच्या स्प्रिंगा ताणून सुटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ लेक किंचाळली. जिवंत माणसाची, कळ आलेल्या बाईची किंकाळी. तिथून पुढे गाडी प्रत्येक खड्याला आदळत गेली आणि लेक प्रत्येक आदळण्याला बापाच्या नावाने खडे फोडत राहिली. मिस्त्री रडत होते आणि हसतही होते.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. जावई सह्या करायला धावला. मिस्त्री बाहेरच्या लांब पट्टीच्या बाकावर एका टोकाला बसले. तासाभराने नर्स दारातून डोकावून म्हणाली, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, आजोबा." आणि परत आत गेली.

मिस्त्रींनी डोळे मिटून हात जोडले. कॉरिडॉर रिकामा होता. ट्यूबलाइट मंद गुणगुणत होती. तेवढ्यात त्यांच्याखालचा बाक हलला. त्यांचं टोक किंचित वर उचललं गेलं आणि दुसरं टोक हळूहळू, अगदी सवडीने, खाली बसलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओलसर कपड्यांचा वास त्यांच्या उजव्या खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"आजोबा, घ्या हो नातीला," नर्स पुन्हा दारात आली. तिच्या हातांत पांढऱ्या दुपट्यातलं एवढंसं गाठोडं होतं. त्यातून एक लालबुंद मूठ बाहेर आली होती. "आईने आधी तुमच्याकडे द्यायला सांगितलंय. या ना."

मिस्त्री उठले. बाकाचं त्यांच्या बाजूचं टोक सुटलं. मग क्षणभर थांबून दुसरं टोकही सुटलं.

ते दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीशी घेतले.

"नको," ते म्हणाले. "माझे हात घाण आहेत."

"मग धुवून या. आम्ही थांबतो."

"नाही हो बाई. तुम्ही थांबू नका," मिस्त्री नातीकडे बघत म्हणाले. "तिला आत न्या. आणि दार लावून घ्या."